म्हशी विकण्याआधी बारा आठवडे

प्रश्न: माझं वय ४७, करवीर तालुक्यात राहते. घरी तीन म्हशी आहेत, दोन दुभत्या आणि एक गाभण. लग्न झाल्यापासून दोन्ही वेळची धार मीच काढते. दोन महिन्यांपूर्वी वैरणीचा भारा उचलताना कमरेत उसण भरली. चार दिवसांनी उजव्या कुल्ल्यातून पिंडरीच्या बाहेरच्या अंगाने कळ उतरू लागली, पायाचा अंगठा बधिर झाला. कोल्हापुरात एमआरआय काढला. ‘एल-४, एल-५ डिस्क बल्ज, नस दाबली जातेय’ असं आलं, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलीय. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, खाली बसायचं नाही, पट्टा दिवसभर लावायचा, असं सांगितलं. तीन आठवडे झोपून काढले. दहा दिवस ट्रॅक्शन (मशीनने कमरेला ताण देणं) आणि शेक घेतला, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. चुलत दीर म्हणतात मणका सरकलाय, तालमीतल्या वस्तादांकडून बसवून घ्या. मालक म्हणतात म्हशी विकून टाकू. दुधाचं बिल थांबलं तर पोराच्या फीचं काय? विकाव्यात का? शिवाय धार काढताना उजव्या हाताचा अंगठाही मुळापाशी दुखतो.

उत्तर: ताई, आत्ता विकू नका. बारा आठवडे थांबा. ते झोपून नाही काढायचे, कामाचा क्रम आणि माप बदलून काढायचे. पण त्याआधी काही गोष्टी आजच तपासा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पायातली ताकद आधी. चप्पल काढून भिंतीच्या कडेने फक्त टाचांवर दहा पावलं चाला. उजवा चवडा डाव्याइतकाच उचललेला राहिला पाहिजे. मग खुर्चीत बसून दोन्ही पायांचे अंगठे वर ओढून धरा आणि मुलाला बोटाने खाली दाबायला सांगा. उजवा अंगठा लगेच पडला, किंवा चालताना पाऊल फटक फटक आपटायला लागलं असेल, तर व्यायाम राहू द्या, याच आठवड्यात मणक्याच्या सर्जनला दाखवा. बधिरपणाला थोडा वेळ देता येतो, ताकद जात असेल तर नाही. ही तपासणी दर रविवारी करा.

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचाचा ताबा सुटला, दोन्ही पाय लुळे वाटू लागले, किंवा खाटेवर बसल्यावर टेकणारा मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर सकाळ उजाडायची वाट बघू नका. त्याच रात्री कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठा किंवा जवळचं मोठं रुग्णालय. तिथे तास मोजले जातात.

आणखी एक गोष्ट जनावरांत वावरणाऱ्यांना हमखास विचारायला हवी, आणि ती बऱ्याचदा राहून जाते. संध्याकाळी अंग कोमट होणं, रात्री घामाने भिजणं, वजन उतरणं यातलं काही आहे का? गेल्या वर्षभरात गोठ्यात एखादी म्हैस गाभडली होती का? जनावरांतला सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, माणसालाही होतो आणि कमरेच्या मणक्यात जाऊन बसतो. मणक्याचा क्षयही असाच चोरपावलांनी येतो. अशा दुखण्याला व्यायाम नव्हे, रक्ततपासणी आणि औषधं लागतात. तुमची गाभण म्हैस व्यायली की वार उघड्या हाताने ओढू नका, हातमोजे घाला. दूध उकळूनच प्या. गंगावेशीच्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाचं कौतुक मला ठाऊक आहे, पण जंतूंना ते ठाऊक नसतं.

हे सगळं ठीक असेल तर आता रिपोर्टकडे वळू. पाठ किंवा पाय अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या सुमारे ५० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांच्या डिस्क फुगलेल्या होत्या. म्हणजे तुमच्या आळीतल्या चांगल्या हिंडत्या-फिरत्या बायकांचा एमआरआय काढला, तर निम्म्या जणींच्या हातात तुमच्यासारखाच कागद येईल. याचा अर्थ तुमचं दुखणं खोटं आहे असा नाही. पिंडरीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंतचा पट्टा एल-५ नसेचाच आहे आणि रिपोर्ट त्याच्याशी जुळतो. पण नस फक्त दाबामुळे दुखत नाही. डिस्कमधला द्रव तिच्याजवळ आला की तिथे सूज येते, आणि सुजलेली नस साध्या ताणालाही ओरडते. ती सूज ओसरते, बाहेर आलेला भागही पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेतं. बहुतेकांचं पायाचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत बरंच उतरतं, ते यामुळे.

‘मणका सरकलाय’ हे मात्र डोक्यातून काढा. मणका खरोखर पुढे सरकण्याचा एक आजार आहे, तो एक्स-रेत दिसतो, आणि तोही झटका देऊन मागे जात नाही. कमरेतून ‘कट्’ असा आवाज येतो तो सांध्यातल्या वायूचा. त्याने क्षणभर मोकळं वाटतं, जागेवर काही बसलेलं नसतं. तालमीतली तेलाची मालीश चांगली असते, संध्याकाळी हलक्या हाताने जरूर करून घ्या. पण पाय बधिर असताना कमरेवर पाय देऊन उभं राहणं, मान-कंबर पिळून झटका देणं, हे कुणालाच करू देऊ नका, वस्ताद कितीही नावाजलेले असोत. पैलवानाची कंबर आणि सुजलेली नस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता खरा मुद्दा, पहाटेचा. रात्रभर आडवं पडल्यावर डिस्क पाणी शोषून फुगते. सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर किंवा थोडी जास्तच भरते ती त्यामुळे. उठल्यावरच्या पहिल्या तासात कंबर वाकवली की त्या टम्म डिस्कवर ताण दिवसातल्या इतर वेळेपेक्षा बराच जास्त येतो. आणि गोठ्यातली बाई त्या तासात काय करते? उठल्या उठल्या वाकून शेण भरते, पाटी उचलते, मग उकिडवं बसून दोन म्हशींची धार काढते. कमरेला सगळ्यात जड काम सगळ्यात वाईट वेळी. तुमच्या कामात वाईट असं काहीच नाही, फक्त त्याचा क्रम उलटा आहे.

तो असा बदला. उठताना कुशीवर वळा, पाय खाटेखाली सोडा आणि हाताने रेटा देऊन बसा. अंगणात दहा-पंधरा मिनिटं चाला. तोवर चुलीवर चहा होऊ द्या. पहिलं काम वैरण टाकण्याचं, पण ती आदल्या संध्याकाळीच कुट्टी करून कमरेच्या उंचीच्या कट्ट्यावर ठेवलेली असावी, म्हणजे उभ्यानेच गव्हाणीत जाईल. मग धार. शेण सगळ्यात शेवटी, तेही पहिले सहा आठवडे मालकांनी किंवा मुलाने काढायचं. नंतर तुम्ही काढाल तेव्हा लांब दांड्याच्या फावड्याने ओढून काढा. दांडा उभा धरला तर तुमच्या छातीपर्यंत यायला हवा. आखूड खोऱ्याने शेण ओढणं म्हणजे पुन्हा तेच वाकणं. पाटी अर्धीच भरा. ओल्या शेणाची भरलेली पाटी सहज पंधरा-वीस किलोची होते.

धारेचं जरा सविस्तर सांगावं लागेल. ‘खाली बसायचं नाही’ हा सल्ला देणाऱ्याने बहुधा कधी म्हैस पिळलेली नसावी. उकिडवं बसल्यावर कंबर पूर्ण वाकलेली राहते आणि तशीच पंधरा-वीस मिनिटं अडकते. नसेला ते अडकणं सोसत नाही. सुताराकडून वीस ते पंचवीस सेंटिमीटर उंचीचं तीन पायांचं स्टूल करून घ्या. तीनच पाय हवेत, कारण गोठ्याची जमीन कधीच सपाट नसते आणि चार पायांचं स्टूल डुगडुगतं. प्लास्टिकचं न्हाणीघरातलं स्टूल ओल्या फरशीवर घसरतं, ते नको. स्टुलावरही कंबर थोडी वाकतेच, पण पूर्ण टोकाला जात नाही, आणि गुडघेही वाचतात. म्हशीच्या अगदी जवळ बसा, गुडघे फाकवा, कोपर अंगाला लागून राहील इतकं अंतर ठेवा. हात लांबवून काढलेल्या धारेला कंबर लवकर भरते. म्हशीला नवी वस्तू खपत नाही, म्हणून पहिले चार-पाच दिवस स्टूल नुसतं तिच्याजवळ ठेवा, ती हुंगू दे, मग बसा. बिचकून लाथ मारली तर कंबरेचं राहू द्या, कासंडी आधी जाईल.

म्हैस गाईपेक्षा उशिरा पान्हवते. रेडकू लावल्यावर, कास धुतल्यावर दोन-तीन मिनिटं सहज जातात, आणि तेवढा वेळ बायका खाली बसून वाट बघत राहतात. तो वेळ उभ्याने काढा. सडात दूध उतरलं की मगच बसा. एकदा पान्हवली की सहा-सात मिनिटांत धार आटोपावी लागते, म्हणून मध्येच उठायला सांगण्यात अर्थ नाही. पण पहिली म्हैस झाली की उठा, दोन्ही हात कमरेवर ठेवा, गुडघे ताठ ठेवून मागे झुका, पाच वेळा. मगच दुसरीकडे जा. पहिले दोन आठवडे एक वेळची धार घरातल्या दुसऱ्या कुणीतरी काढावी, शक्य असेल तर पहाटेची.

व्यायामाला एकच नियम लक्षात ठेवा, तो रिपोर्टपेक्षा जास्त कामाचा आहे. एखादी हालचाल केल्यावर पिंडरीतली कळ वर मांडीकडे, कुल्ल्याकडे सरकत असेल तर ती हालचाल तुमची, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली पावलाकडे उतरत असेल तर ती हालचाल आज नको. पोटावर पालथ्या पडा, दोन मिनिटं. मग कोपरांवर या, पुन्हा दोन मिनिटं. त्यानंतर भुजंगासनासारखे हात हळूहळू ताठ करा, कमरेखालचा भाग सैल जमिनीवरच राहू द्या, दहा वेळा. बऱ्याच जणांची कळ याने वर सरकते. तुमची सरकली तर दिवसातून चार-पाच वेळा करा, पहाटे चालून आल्यावर आणि धारेनंतर तर नक्की. दोन दिवस करूनही ती खालीच उतरत असेल तर बंद करा आणि फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा. काहींना उलट्या दिशेची हालचाल मानवते, ते पत्रातून ठरत नाही.

नसेसाठी खुर्चीत ताठ बसा. उजवा गुडघा सावकाश सरळ करताना नजर वर आढ्याकडे न्या. गुडघा वाकवताना हनुवटी छातीकडे आणा. दहा वेळा, दिवसातून दोनदा. ताण जाणवला की तिथेच परत फिरा, धरून ठेवू नका. पाय ताणून धरण्याचा मोह होतो आणि सुजलेली नस त्यानेच रात्रभर ठणकते. लोकांचं सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे.

दुसऱ्या आठवड्यापासून ताकदीचे दोन व्यायाम जोडा. उताणं पडून गुडघे वाकवून कंबर उचलायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. आणि खाटेवरून हात न लावता उठायचं-बसायचं, आठ-आठचे तीन फेरे. तीन आठवडे झोपून मांड्यांची ताकद गेलेली असते, आणि मांड्या कमी पडल्या की उचलण्याचं काम कंबरेवर येतं. वाकणंही पुन्हा शिकायचंय. पाठीला उभी काठी लावा, डोकं, पाठ आणि माकडहाड या तीन जागी ती टेकली पाहिजे. आता गुडघे जरा वाकवून खुब्यातून पुढे झुका. काठी एखाद्या जागी सुटली तर तुम्ही कंबरेतून वाकलात. रोज दहा वेळा. महिन्याभरात घमेलं उचलताना काठीची गरज राहत नाही.

चालणं दहा-दहा मिनिटं दोनदा सुरू करा, दर तीन दिवसांनी दोन मिनिटं वाढवा, एका वेळी अर्ध्या तासापर्यंत. त्यासाठी रंकाळ्याला यायला नको. डेअरीत दूध घालून रिकाम्या हाताने परत येता ती वाट पुरे. जाताना दहा लिटरचा एक कॅन एका हातात नको, पाच-पाच लिटरच्या दोन किटल्या दोन हातांत घ्या, कंबर एका बाजूला कलत नाही. किटल्या नेणं सुरू करायचं चौथ्या आठवड्यानंतर, तोवर दूध मुलगा नेईल.

दुखणं किती चालवून घ्यायचं? दहापैकी चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते आदल्या दिवसाइतकंच किंवा कमी असायला हवं. जास्त असेल तर कालचं माप मोठं होतं, थोडं कमी करा. काम बंद मात्र करू नका.

भाऱ्याबद्दल एक गैरसमज आहे. डोक्यावर चुंबळ ठेवून नेलेलं ओझं कमरेला तितकं घातक नसतं, मणका सरळ राहतो. कंबर जाते ती जमिनीवरून उचलताना आणि एकटीने डोक्यावर चढवताना. ओल्या वाड्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, तीस किलोचा एक भारा बांधण्याऐवजी बारा-पंधराचे दोन बांधा. बांधावर टेकवून ठेवा, म्हणजे कमरेच्या उंचीवरून घेता येतात, आणि चढवताना दुसरा हात घ्या. वैरण कापताना घडी केलेल्या गोणपाटावर एक गुडघा टेका, दर पंधरा मिनिटांनी उभ्या राहून मागे झुका. वजनाचं माप असं ठेवा: पहिले दोन आठवडे पाच किलोच्या आत, चौथ्या आठवड्यात आठ-दहा, आठव्यात पंधरा, बाराव्यात वीस. वीसपुढचं तुम्ही कशाला उचलायचं हा प्रश्न घरातल्या पुरुषांना विचारा.

पट्टा फक्त धारेच्या आणि उचलण्याच्या वेळी लावा, दोन-तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि चौथ्या आठवड्यानंतर सोडून द्या. त्याने मणका धरून ठेवला जात नाही, वाकू नका याची आठवण तेवढी होते. ट्रॅक्शन आणि विजेच्या शेकाने काही तास आराम मिळतो, त्यापुढे फारसं होत नाही. पुढे कुणाकडे गेलात तर विचारा: मला काय करायचं ते शिकवाल का, आणि दोन आठवड्यांनी काय बदललेलं दिसलं पाहिजे? नुसतं मशीन लावून पडदा ओढून जात असतील तर पैसे वाचवा. दुकानातून स्वतःच आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेऊ नका, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी पोट आणि मूत्रपिंड बिघडतं, बीपी वाढतं. नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरांनीच ठरवायची.

पुन्हा उसण भरेल हे धरून चाला. बारा आठवड्यांत एकदा-दोनदा भरू शकते. तेव्हा दोन दिवस काम निम्म्यावर आणा, पालथं पडणं आणि थोडं थोडं चालणं चालू ठेवा. पूर्ण झोपून राहू नका, आणि लगेच नवा एमआरआयही नको. बरं होण्याचा क्रमही ठाऊक असू द्या: पिंडरीतली कळ आधी येऊन-जाऊन होते, मग कुल्ल्यात थांबते. कंबर सगळ्यांत उशिरापर्यंत कुरकुरते आणि अंगठ्याचा बधिरपणा काही महिनेही रेंगाळतो. त्याचं भय नाही.

आठ आठवडे इमाने केल्यावरही पायातली कळ झोपू देत नसेल तर सर्जनला भेटा. ऑपरेशनने पायाचं दुखणं लवकर थांबतं, मात्र वर्षभराने ऑपरेशन केलेल्यांची आणि न केलेल्यांची स्थिती साधारण सारखीच निघते. त्यामुळे ताकद शाबूत असेल तर घाईने होय म्हणायचं कारण नाही. म्हशींचा हिशेब बारा आठवडे झाल्यावर करा. तिन्ही विकण्याऐवजी गाभण व्यायल्यावर जुनी एक काढणं, हा मधला रस्ता मालकांसमोर ठेवा. व्यायच्या वेळी रेडकू ओढायला मात्र तुम्ही जाऊ नका, ते दिरांचं काम.

हाताच्या अंगठ्याचं. तो आत मुडपून वरून चार बोटं मिटा आणि मनगट करंगळीकडे वाकवा. मुळापाशी झणका आला तर तिथल्या स्नायूच्या दोरीला सूज आहे. तुम्ही बहुधा अंगठा मुडपून सडावर दाबता. दूध भरभर निघतं, पण त्याने तुमचा अंगठाही जातो आणि म्हशीचा सडही. पूर्ण मुठीने पिळा, तर्जनीपासून करंगळीपर्यंत बोटं एकामागून एक मिटत. पहिला आठवडाभर जास्त वेळ लागेल. कोरड्या हाताने ओढू नका आणि दुधात बोटंही बुडवू नका, कासेला खोबरेल तेलाचं बोट लावा. रात्री अंगठा हलू न देणारी पट्टी तीन-चार आठवडे बांधा. तेवढ्याने उतरलं नाही तर अस्थिरोग तज्ज्ञाला दाखवा, एका इंजेक्शननेही पुष्कळांचं भागतं.